पॅनिक आणि धसका

इंग्रजी भाषेंत एकाएकीं उद्भवणाऱ्या आश्चर्याला आणि भयाला शब्द पुष्कळ आहेत. स्टार्टल, सरप्राइज, अस्टॉनिश, अपॉल, अलार्म, पॅनिक. ही यादी आणखीहि लांबवितां येईल. विद्यार्थी या सर्वांपुढें ‘चकित होणें’ किंवा ‘घाबरणें’ एवढें लिहून मोकळा होतो, आणि परीक्षेपुरतें तें चालतेंहि. परंतु या शब्दांचीं मुळें पाहूं लागलें म्हणजे प्रत्येकाच्या पोटांत निराळाच प्रसंग दडलेला आढळतो. ‘अस्टॉनिश’च्या मुळाशीं मेघगर्जनेचा लॅटिन शब्द आहे, ज्याच्या डोक्यावर गडगडाट झाला तो अस्टॉनिश झाला. ‘अपॉल’ म्हणजे फिकट पडणें. आपल्याकडेहि भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतोच. ‘अलार्म’ ही इटालियन शिपायांची ‘शस्त्रें घ्या’ अशी आरोळी. ‘सरप्राइज’ म्हणजे मूळचा बेसावध शत्रूवर घातलेला छापा; वाढदिवसाच्या भेटीला तें नांव फार उशिरां मिळालें. ‘स्टार्टल’ची गोष्ट सर्वांत गमतीची. लाथा झाडणें, अडखळणें हा त्याचा जुना अर्थ, आणि मध्ययुगीन इंग्रजींत तो उधळलेल्या गुरांनाहि लावीत. मराठींत बैल बुजतो, घोडा बुजतो आणि माणूसहि बुजतो. कोठें इंग्लंडांतील कुरणें आणि कोठें देशावरची बैलगाडी!

हे दोन शब्दसंसार समोरासमोर मांडले गेले ते मुंबईंत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं येथेंच निघाली. मधल्या काळांत, १८४७ सालीं, मोल्सवर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीनें पुरा केला. भयाच्या बाबतींत मराठीला उसनवारीची गरज नव्हती. दचकणें, बिचकणें, हबकणें, गांगरणें, धास्ती, धसका, घाबरगुंडी असा मोठा परिवार तिच्या पदरीं होता. ‘पांचावर धारण बसणें’ यांतील धारण म्हणजे धान्याचा दर, असा उलगडा करतात. तो खरा असेल तर वाघापेक्षां महागाईला अधिक भिणाऱ्या लोकांनीं हा वाक्प्रचार घडविला, असें म्हणावें लागेल.

तरीहि एक इंग्रजी शब्द मुंबईच्या इतिहासांत शिरला तो ‘पॅनिक’. ग्रीकांचा पॅन हा धनगरांचा, रानांतला देव. निर्जन जागीं एखाद्या कळपाला कारण न दिसतां जी भीति पछाडते, ती त्याची करणी मानीत. म्हणजे हें भय घोळक्याचें, आणि मुख्य म्हणजे विनाकारण. १ जुलै १८६५ रोजीं मुंबईंतील शेअरांचे सौदे कोसळले. अशा पडझडीला व्यापारी इंग्रजींत पॅनिकच म्हणत. पण श्रीमंतांच्या भयाला लागलेला शब्द तीस वर्षांनीं गरिबांना लावण्यांत आला, तेव्हां त्याचा अर्थ फार कडवट झाला.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. १८९१ च्या गणतींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्में शहर ओस पडलें. कोंकणच्या आगबोटी आणि घाटावर जाणाऱ्या आगगाड्या माणसांनीं भरून गेल्या. ऑक्टोबरांत सुमारें हजार गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. सरकारी इंग्रजीला या सर्वांसाठीं ‘पॅनिक’ हा एक शब्द पुरेसा वाटला.

परंतु परळ-लालबागच्या चाळींतून पाहिलें तर ही भीति पॅनची होती काय? रोग्याला घरच्यांपासून तोडून नेत. इस्पितळांत गेलेल्यांपैकीं थोडे परत येत. पुढें १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. या भयाला मराठींत धसका हा नेमका शब्द आहे. पॅनिक नुसतें होतें. धसका मात्र नेहमीं कशाचा तरी असतो. मराठी व्याकरणच त्याच्यामागें षष्ठी मागतें: प्लेगचा धसका, झडतीचा धसका, इस्पितळाचा धसका. कारण न सांगतां तो उच्चारणें कठीण! अधिकाऱ्यांनीं हा एक शब्द शिकून घेतला असता तर इस्पितळाच्या फाटकाशीं आलेला तो जमाव त्यांना थोडा तरी वेगळा दिसला असता.

त्या भयाचे ठसे शहराच्या नकाशावर राहिले. १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यांतून दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती आंखल्या गेल्या. हाफकिन यांची लस करण्याची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली.

पुढचा मोठा हादरा १४ एप्रिल १९४४ चा. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटींत कापूस आणि सुमारें १,४०० टन दारूगोळा शेजारीं शेजारीं भरलेला होता. सायंकाळीं चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. बोटींतील सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या. आग विझवितांना बंबखान्याचे ६६ जवान प्राणांस मुकले. जपानी विमानें आलीं, अशी वदंता उठली. तिला पॅनिक म्हणणें सोपें आहे. पण सरकारनें खरी हकीकत दाबून धरली होती. जपान्यांच्या ताब्यांतील सैगॉन रेडिओनें ती दुसऱ्याच दिवशीं सांगितली, आणि हिंदुस्थानांतील वृत्तपत्रांना ती सविस्तर छापण्यास मे महिना उजाडावा लागला. ज्या भीतीला कारण होतें, तें कारणच लोकांपासून लपविलें गेलें होतें.

पॅनिक हा शब्द मुंबईच्या मराठींत आतां सर्रास वापरतात. अलार्म उशाशीं वाजतो. सरप्राइज तर लहान मुलांच्या तोंडीं आहे. स्टार्टल मात्र आला नाहीं. गिरगांवांत झोपेंतलें मूल दार आपटल्यानें एकदम हालतें तेव्हां आई अजूनहि ‘दचकलं गं’ असेंच म्हणते.