बारा वर्षांची मुदत

आमच्या रोहण्याच्या घरात एक बिनमुखपृष्ठाची कादंबरी होती. सुरुवातीची पाने गळालेली, शेवटचा फर्मा वाळवीने खाल्लेला. लेखक कोण, नाव काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आजी तिला 'दोन भावांची कादंबरी' म्हणे. मला कळू लागले तेव्हा पुस्तक गेलेले होते, पण आजीच्या तोंडून गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल.

थोरला भाऊ बापाशी भांडून घर सोडतो. जाताना दोघे भाऊ दोन झाडांखाली उभे राहून शपथ घेतात, की बारा वर्षांनी याच दिवशी, याच जागी भेटायचे. धाकटा सालस, पण एकामागून एक संकटात सापडतो, तुरुंगातही जातो. एका बड्या सावकाराच्या उलाढालीत त्याची सगळी मालमत्ता बुडते. आणि तो सावकार म्हणजेच नाव बदललेला थोरला भाऊ! आजीच्या गोष्टीत ती झाडे कडुलिंबाची होती.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी जॉर्ज रेनॉल्ड्सची 'मिस्टरीज ऑफ लंडन' वाचायला घेतली आणि पहिल्या काही प्रकरणांतच थबकलो. तीच दोन झाडे, फक्त अॅशची. युजीन आणि रिचर्ड मार्कहॅम हे दोन भाऊ. १८३१ साली ताटातूट आणि १० जुलै १८४३ ही भेटीची तारीख. ग्रीनवुड नावाने वावरणारा लबाड धनिक तो युजीन. ही कादंबरी १८४४ पासून दर आठवड्याला एक पेनीला आठ पाने अशी निघत असे, आणि तिचा खप आठवड्याला चाळीस हजारांच्या घरात होता असे सांगतात. हेन्री मेह्यूने लंडनच्या फेरीवाल्यांविषयी लिहिले आहे, की अक्षरओळख असलेला एखादा असल्या गोष्टी मोठ्याने वाचे आणि बाकीचे त्याला मध्येच अडवून प्रश्न विचारत. ते वाचताना मला आमची ओसरी आठवली.

मराठीत रेनॉल्ड्सचा वावर जुना आहे. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभव'मधून येऊ लागली, तिच्यामागे रेनॉल्ड्सच आहे. पुढे गो. ना. दातारशास्त्र्यांनी त्याच्या कथा घेऊन इतक्या बेमालूम देशी केल्या, की वाचकाला परका वास येऊ नये. त्यांच्या एका कादंबरीचे नावच 'बंधुद्वेष' आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधात मराठी कादंबरीकारांना चांगलेच फटकारले. त्यांची नजर ह्यूगो, टॉलस्टॉय यांच्या उंचीवर होती. वाङ्मयाच्या बाजूने राजवाड्यांशी भांडायला मी तयार नाही. पण असली पुस्तके खेड्यातल्या ओसरीवर कशी ऐकली गेली, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. माझ्यापुढे आहे, कारण आमच्या घरात तिच्यावरून तंटा वाढला.

माझे थोरले आजोबा १९२६ च्या सुमारास बापाशी भांडून पुलगावच्या गिरणीत गेले. पुलगाव-आर्वी छोटी गाडी १९१७ पासून सुरू होती, त्यामुळे घर सोडणे म्हणजे गाडीत बसणे, एवढे सोपे झाले होते. ते परतले तोवर पणजोबा वारले होते आणि शेत माझ्या आजोबांच्या वहिवाटीत होते. थोरल्यांना वाड्याची पश्चिमेकडची खोली मिळाली. मध्ये मातीची भिंत. बोलणे बंद.

१९३८-३९ च्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी आटोपत आली तेव्हा ओसरीवर कंदिलाच्या उजेडात ही कादंबरी वाचली जाई. वाचणारे माझे आजोबा. आजी माजघराच्या दारामागे बसे. भिंतीपलीकडे थोरले आजोबा जागे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असे, कारण त्यांच्या खोकल्याचा आवाज वाचन सुरू झाले की थांबे. एकदा दोन दिवस वाचन झाले नाही, तर त्यांनी शेजारच्या पोराला पाठवले: "पुढं काय झालं, इचारून ये." आमच्याकडे थोरल्या दिराला भासरे म्हणतात, आणि भासऱ्यांसमोर आजी बोलत नसे. तिने त्या पोराकरवीच पुढची गोष्ट धाडली.

ग्रीनवुडचे बिंग फुटले त्या रात्री ओसरीवर दोन तट पडले. सख्ख्या भावाला लुबाडणारा तो राक्षस, असे माझे आजोबा म्हणाले. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्यानं चोरलं कुठं? आपलाच हिस्सा तं नेला."

हे वाक्य आजीने मला जसेच्या तसे सांगितले होते. इंग्रज वाचकाला ते सुचणे कठीण. तिथे बाप मृत्युपत्राने ज्याला देईल त्याचे. आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच, घर सोडले म्हणून तो जात नाही. त्यामुळे लंडनचा खलनायक रोहण्यात आला की अर्धा हक्कदार ठरतो. युजीनने आडमार्ग धरला हे खरे, पण त्याचे काहीच नव्हते असे ओसरी मानायला तयार नव्हती.

आणि बारा वर्षे! लेखकाने ती उत्कंठेसाठी घातली असतील. आपल्या कानाला ते एक तप. पण कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या शेतकऱ्याला त्यात तिसरेच ऐकू येते. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात कलम १२७ होते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याने हिस्सा मागायचा तर मुदत बारा वर्षे. १९२६ मध्ये बारा मिळवा. आजोबांनी तो हिशेब केला होता, असे आजी म्हणे. कादंबरीमुळे भिंतीपलीकडेही तो झाला असावा. उन्हाळ्याच्या आत थोरल्यांनी आर्वीला वकील गाठला.

गंमत म्हणजे दोघांचाही हिशेब चुकीचा होता. कलमातली मुदत घर सोडल्यापासून मोजायची नसून, आपल्याला वगळले आहे हे कळल्या दिवसापासून मोजायची होती. थोरल्यांचा हक्क बुडाला नव्हता, घाईही नव्हती. प्रकरण निकालापर्यंत गेले नाही. घरातल्या कागदांत एक वाटणीपत्र आहे. त्यात शेत निम्मे, धुऱ्यावरचे कडुलिंब एकेक, विहिरीचे पाणी पाळीने. कादंबरीचा उल्लेख नाही, ती आमच्याकडे राहिली. बोलणे मात्र दोघे मरेपर्यंत झाले नाही.

गेल्या वर्षी या शोधाच्या निमित्ताने मी भिंतीपलीकडे गेलो. थोरल्यांच्या नातवाला गोष्ट ठाऊक होती, आजोबांकडूनच ऐकलेली. झाडे कडुलिंबाचीच. शेवट मात्र निराळा. रेनॉल्ड्सच्या कादंबरीत युजीन ठरलेल्या दिवशी प्राणघातक जखम घेऊन भावापर्यंत पोचतो आणि मरतो. आमच्या आजीचा शेवटही तोच. पलीकडच्या घरात थोरला भाऊ वेळेवर येतो, झाडाखाली बसतो आणि धाकटा त्याला पाणी देतो.

यातले खरे कोणते, असे त्याने मला विचारले. मी त्याला छापील शेवट सांगितला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आमचे बुढे तसं नव्हते सांगत."