रिकवूडच्या मैदानावरची एक रात्र

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचे सामने ठरलेल्या संघांच्या ठरलेल्या स्टेडियमवर होतात, हा तिथला जुना शिरस्ता. पण अलीकडे तिथल्या मेजर लीगला अधूनमधून एखादा सामना भलत्याच जागी भरवण्याची हौस आली आहे. २०१६ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर एक सामना झाला. २०२१ मध्ये आयोवात मक्याच्या शेतात झाला, तो एका गाजलेल्या चित्रपटाच्या आठवणीखातर. उंच मक्यातून खेळाडू चालत बाहेर आले. दृश्य देखणे होते यात वाद नाही. पण ती आठवण सिनेमाची, कुणी भोगलेली नव्हे. भोगलेली आठवण निघाली ती २० जून २०२४ रोजी, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात, रिकवूड फील्डवर.

हे मैदान १९१० सालचे. रिक वुडवर्ड नावाच्या उद्योगपतीने ते बांधले, म्हणून रिकवूड. अमेरिकेत आजमितीस उभे असलेले व्यावसायिक बेसबॉलचे हे सर्वांत जुने मैदान. बर्मिंगहॅम म्हणजे लोखंडाच्या भट्ट्यांचे शहर, आणि काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या बाबतीत सगळ्या दक्षिणेत कडवे. इथे गोऱ्यांचा संघ होता बॅरन्स आणि काळ्यांचा ब्लॅक बॅरन्स. मैदान एकच. गोरा संघ परगावी खेळायला गेला की ते काळ्या संघाला मिळायचे. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळू नये असा शहराचा कायदाच होता, आणि त्यातून सोंगट्यांचा पटसुद्धा सुटला नव्हता! १९३०च्या दशकात याच मैदानावरच्या सामन्यांचे रेडिओवर वर्णन करून बुल कॉनर नावाचा गृहस्थ लोकप्रिय झाला आणि त्या लोकप्रियतेवर राजकारणात शिरला. १९६३ साली समान हक्क मागणाऱ्या शाळकरी पोरांवर पाण्याचे बंब आणि पोलिसी कुत्रे सोडणारा तो हाच.

याच मैदानावर १९४८ साली विली मेज नावाचा सतरा वर्षांचा मुलगा ब्लॅक बॅरन्सकडून खेळला. जन्म शेजारच्या वेस्टफील्डचा. पुढे मेजर लीगमध्ये त्याने ६६० होमरन मारले आणि जाणकारांनी त्याला सर्वकालीन श्रेष्ठांच्या पंगतीत बसवले. २०२४च्या मे महिन्यात लीगने जुन्या काळ्या लीगमधले आकडे अधिकृत नोंदीत धरले, तेव्हा मेजच्या खात्यावर १९४८ सालचे दहा हिट जमा झाले. शहात्तर वर्षांनी! उशिराच्या न्यायाचा हिशेब असा किरकोळ रकमेचा असतो.

रिकवूडचा सामना प्रामुख्याने त्याच्या आणि जुन्या काळ्या खेळाडूंच्या सन्मानार्थ होता. आपल्याला प्रवास झेपणार नाही असे त्याने आधीच कळवले होते. आणि १८ जूनला, वयाच्या ९३व्या वर्षी, तो गेला. त्या संध्याकाळी रिकवूडवर एक दुय्यम सामना चालू होता. मध्येच ही बातमी जाहीर झाली आणि सगळे मैदान उठून उभे राहिले.

दोन दिवसांनी जायंट्स आणि कार्डिनल्स यांचा मुख्य सामना. होम प्लेटच्या मागे मेजचा २४ हा आकडा रंगवला होता. मानाचा पहिला चेंडू टाकला बिल ग्रीसन यांनी. वय ९९, १९४८च्या संघातले मेजचे साथीदार, त्याआधी इवो जिमाच्या लढाईतले सैनिक आणि पुढे धर्मोपदेशक. पाचही पंच काळे होते. मेजर लीगच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. कार्डिनल्सने ६-५ असा विजय मिळवला. पण त्या रात्रीचा निकाल धावफलकावर लागलाच नाही असे मला वाटते.

सामन्याआधी दूरचित्रवाणीवर गप्पांचा कार्यक्रम होता. तिथे रेजी जॅक्सन बसले होते. तेही मोठे खेळाडू, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. १९६७ साली, उमेदवारीच्या काळात, ते रिकवूडवर खेळले होते. इथे परत येऊन कसे वाटते, असा साधा आणि सणाच्या दिवसाला शोभेल असा प्रश्न त्यांना विचारला गेला. उत्तरादाखल गोड आठवण अपेक्षित असणार. जॅक्सन म्हणाले, परत येणे सोपे नाही. उपाहारगृहात शिरले की बोट दाखवून, शिवी देऊन सांगत, याला इथे जेवता येणार नाही. लॉजवर खोली मिळत नसे. संघातला गोरा सोबती जो रूडी आणि त्याची पत्नी यांच्या घरी आठवड्यातून तीन-चार रात्री ते सोफ्यावर झोपत. ते बंद झाले, कारण याला बाहेर काढले नाही तर इमारत पेटवून देऊ अशी धमकी आली. रूडी, रॉली फिंगर्स अशा गोऱ्या साथीदारांनी आणि प्रशिक्षक जॉन मॅक्नमारा यांनी आवरले नसते, तर आपण कुणाला तरी मारून बसलो असतो आणि इथेच आपला जीव गेला असता, असेही ते बोलून गेले. हा अनुभव शत्रूच्याही वाट्याला येऊ नये, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले.

बाजूला बसलेले गप्प ऐकत राहिले. थोड्या वेळाने दिवे लागले, आणि जुन्या छपराखाली आठ हजारांवर माणसे सामना पाहायला बसली, आता कुणीही कुठेही.