कापसाच्या मुलखातली घोंगडी

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-नांदेडकडे येळवस साजरी होते. सारा गाव शेतात कडब्याच्या कोपीभोवती जमतो. याच सुमारास लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि जनावरे घेऊन आलेली माणसे उघड्यावर रात्री काढतात. दुपारी ऊन चटका देते, पहाटे मात्र हुडहुडी भरते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते, त्याचा हा परिणाम. अशा रात्री ज्वारीची राखण करणारा किंवा मेंढरांमागे हिंडणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी पांघरत आला.

यात एक कोडे आहे. हा मुलूख कापसाचा. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि तिथल्या व्यापाराला वेग आला. निजामाच्या अमलात नांदेडला उस्मानशाही कापडगिरणी उभी राहिली. घरोघरी जुन्या लुगड्या-धोतरांच्या वाकळी शिवल्या जात. मग रानात जाताना वाकळ घरी ठेवून खरखरीत घोंगडीच खांद्यावर का?

‘लोकर उबदार असते म्हणून’ हे उत्तर आपण वर्गात सहज देतो. ते अपुरे आहे. बव्हेरियाच्या चाकरीत असलेल्या काउंट रम्फर्डने सैनिकांच्या कपड्यांचा विचार करताना हाच प्रश्न मोजून पाहिला. थर्मामीटरभोवती निरनिराळे तंतू भरून तो ठरावीक अंशांनी निवायला किती वेळ लागतो, हे त्याने नोंदले. हे काम १७९२ साली प्रसिद्ध झाले. भोवती नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले, कापूस भरल्यावर १०४६ आणि लोकर भरल्यावर १११८. म्हणजे कोरडा कापूस लोकरीच्या फारसा मागे नाही! ऊब तंतूत नसते. तंतूंच्या जाळ्यात अडकून पडलेल्या, हालचाल न करणाऱ्या हवेमुळे ती टिकते. पांघरूण उष्णता देत नाही, अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फाचा खडा घोंगडीत गुंडाळला तर तो उशिरा वितळतो, ते याचमुळे.

कोड्याचे उत्तर ओलाव्यात आहे. पहाटे रानात दव पडते, चालताना घामही येतो. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. भिजलेला कापूस दबतो, त्यातली हवा जाते आणि तिची जागा पाणी घेते. लोकरीचा तंतू मात्र नागमोडी आणि लवचीक असल्यामुळे ओला झाला तरी फारसा चपटा होत नाही. आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश बाष्प शोषूनही लोकर ओली लागत नाही. म्हणून घरात वाकळ आणि रानात घोंगडी, ही विभागणी अनुभवाने झाली. पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेत.

या अनुभवामागे अनेकांचे हात होते. दख्खनी मेंढीची काळी लोकर कातरायची, पिंजायची. धनगरांच्या घरातल्या बाया ती कातत. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणली जाई. आता यंत्रावरची कृत्रिम धाग्यांची पांघरुणे स्वस्त मिळतात. जाड्याभरड्या लोकरीला भाव नाही, कातरलेली लोकर अनेकदा फेकून दिली जाते. तिच्यासोबत ही साखळी जाणणारी माणसेही कमी होत आहेत.

आपण वर्गात एक प्रयोग जरूर करावा. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरावे. एकीला कोरडे सुती कापड, दुसरीला भिजवून पिळलेले तसेच कापड आणि तिसरीला भिजवून पिळलेला घोंगडीचा तुकडा गुंडाळावा. दर १० मिनिटांनी तापमान नोंदवावे. पुढच्या वेळी मुलांना पहाटे हुरड्याला नेताना एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालायला सांगावे, कान झाकायला लावावेत आणि घामेजलेला सदरा लगेच बदलायला लावावा. आणि गावात एखादी घोंगडी विणणारी आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांना एक दिवस वर्गात बोलवावे.