कोलाबा जिल्ह्याचा किनारा आणि कामगारकल्याणाची कसोटी

'कामगारकल्याण' हा शब्द विसाव्या शतकात रूढ झाला. परंतु त्यामागील प्रश्न कारखान्याइतकाच जुना आहे. राबणाऱ्या माणसाचे आरोग्य व स्वास्थ्य राखण्यासाठी कामाच्या जागी जे उपाय योजले जातात, त्यांपैकी कोणते फलद्रूप होतात आणि कोणते केवळ अहवालांची शोभा वाढवितात, हा तो प्रश्न होय. त्याचा विचार करण्यास पूर्वीच्या कोलाबा, म्हणजे १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा इतिहास विशेष उपयोगी आहे. या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविले. उरण-पेणच्या खाड्यांलगत मिठागरांचा स्वतंत्र श्रमिकवर्गही येथेच वाढला. आणि कामगार चळवळीचे एक आद्य धुरीण नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ मध्ये याच जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी आपल्या हिताची पहिली व्यवस्थित मांडणी केली ती १८८४ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली परळ येथे सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या पाच होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद. या यादीत दवाखाना नाही, वाचनालय नाही, करमणुकीचे साधन नाही. आपल्या प्रकृतीचा ऱ्हास कामाचे तास, पगाराची अनिश्चिती आणि यंत्राचा अपघात यांतून होतो, हे कामगारांनी नेमके ओळखले होते. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. साप्ताहिक सुट्टी व मध्यान्हीची विश्रांती यांना १८९१ च्या कायद्याने आधार दिला. इजेच्या भरपाईसाठी मात्र १९२३ पर्यंत आणि पगार वेळेवर मिळण्याच्या कायद्यासाठी १९३६ पर्यंत वाट पाहावी लागली. तोवर लोखंडे यांच्या निधनास (१८९७) अनेक वर्षे लोटली होती.

या मधल्या काळात कोकणातून आलेल्या कामगाराचे कल्याण कोणी पाहिले? बहुतांशी त्याने स्वतःच पाहिले. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली, स्त्रियांनी चालविलेल्या खानावळी आणि आजारपणात गावी परतण्याची वाट, हीच त्याची आरोग्यव्यवस्था होती. गिरणीने वापरून थकविलेले शरीर गावाने पुन्हा उभे करावे, असा हा अलिखित व्यवहार होता. त्याचा खर्च मालकाच्या हिशेबात कधीच आला नाही. तो कोकणातील कुटुंबांनी, विशेषतः मागे राहिलेल्या स्त्रियांनी सोसला.

१९११ मध्ये जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने व सहकारी पतपेढ्या असे लीगचे काम होते. त्या कार्याची तळमळ वादातीत आहे. परंतु त्याची मर्यादाही त्याच वर्षाने दाखवून दिली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा कामाचा दिवस बारा तासांचा ठरविला. बारा तास मागावर उभा राहिलेला मनुष्य रात्री वाचनालयात कितीसा जाणार? ज्याच्याजवळ थोडी उसंत व उमेद शिल्लक होती, तोच तेथे पोहोचणे स्वाभाविक होते. जोशी यांच्या पुढील वाटचालीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९१९ मध्ये ते वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला आणि १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभारली. समाजसेवा त्यांनी सोडली नाही. मात्र केवळ सेवा पुरेशी नाही, तिच्यामागे संघटना व कायदा उभा हवा, हा त्या वाटचालीचा अर्थ होय.

कायदा झाला म्हणजे हेतू सिद्धीस गेला, असेही नव्हे. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याच्या विधेयकास मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता. प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती आणि रोख साहाय्य मिळू लागले, हे मोठेच पाऊल होते. परंतु त्याचा सारा भार ज्या त्या मालकावर असल्यामुळे स्त्री-कामगार महाग वाटू लागण्याची शक्यता त्यातच दडलेली होती. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी व यंत्रांची फेररचना ही त्याची अन्य कारणे होती. तरी लाभाचा खर्च एकट्या मालकावर न ठेवता विम्याच्या मार्गाने विभागला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने तोच मार्ग पत्करला.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कल्याणास स्वतंत्र प्रकरण दिले. अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उपाहारगृह, दीडशेहून अधिक असल्यास विश्रांतिगृह, पन्नासहून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघर (१९७६ पासून ही मर्यादा तीसवर आली) आणि पाचशे वा त्याहून अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी, अशा त्यातील तरतुदी होत्या. उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत, असा नियम करण्याची सोयही त्यात होती. ही लहानशी तरतूद महत्त्वाची आहे. जेवणाचा दर व दर्जा ठरविण्यात खाणाराचा शब्द चालतो, तेथे उपाहारगृह हे दान राहत नाही. याउलट कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक मालकाकडे राहिल्याने त्याच्या निष्ठेविषयी कामगाराच्या मनात संशय राहणे अपरिहार्य होते. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने निधीचा कारभार मालक व कामगार या दोहोंचे प्रतिनिधी असलेल्या मंडळाकडे सोपविला, त्यामागील विचारही हाच दिसतो. त्या निधीत कामगारांकडून वसूल झालेले दंडही जमा व्हावयाचे होते. अर्थात कल्याणाच्या पैशाचा काही अंश मूळचा कामगाराच्याच पगारातला होता, आणि म्हणून त्याच्या विनियोगात त्याचा आवाज असणे हा उपकार नसून न्याय होता.

एवढे सारे गिरणीच्या भिंतींच्या आत झाले. किनाऱ्यावरील मिठागरांत मात्र भिंतच नव्हती. भरतीचे पाणी घेऊन ते उन्हाने आटविणे, मीठ ओढून त्याच्या राशी घालणे, हे काम पावसाळा सरल्यावर बांधबंदिस्तीने सुरू होते आणि उन्हाळ्यात ऐन भरात येते. खाऱ्या पाण्यात तासन्‌तास उभे राहिल्याने हातापायांची कातडी फाटते, पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे जळतात; सावली व गोडे पाणी यांची चणचण कायमची. अशा जागेस 'कारखाना' म्हणावे काय? अर्देशीर भिवंडीवाला विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये या प्रश्नाचा निकाल दिला. इमारत नसली तरी उघडी जमीनही कायद्याच्या दृष्टीने कारखान्याची जागा होऊ शकते आणि समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करणे ही उत्पादनप्रक्रियाच आहे, असे न्यायालयाने ठरविले. मिठागरातील श्रमिकाला कायद्याचे छत्र मिळण्याचा मार्ग एका शब्दाच्या व्याख्येने मोकळा झाला. मात्र विश्रांतिगृह व पाळणाघर यांसाठीच्या संख्येच्या मर्यादा कायम होत्या. त्यांच्याखाली राहणाऱ्या लहान आगरातील हंगामी मजुराला त्या निकालाने सावली मिळाली नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यानंतर या किनाऱ्यावरील श्रमाचे स्वरूप पालटले. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत कल्याणाची जबाबदारी कोणाची, या रूपाने तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ठेकेदाराने सोयी न पुरविल्यास त्या मूळ मालकाने पुरवाव्यात, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने आधीच मान्य केले होते.

अलीकडे 'स्वास्थ्य कार्यक्रम' या नावाने व्यायाम, आहार व आरोग्यतपासणी यांचे उपक्रम अनेक आस्थापनांत चालतात. त्यांच्या परिणामांविषयी अमेरिकेत झालेले व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. कामगारांची वा कामाच्या ठिकाणांची निवड दोन्हींत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने केली होती. एक इलिनॉय विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवर झाला, तर दुसरा एका मोठ्या विक्रीसंस्थेच्या १६० ठिकाणी. दुसऱ्यात व्यायामासारख्या काही सवयी सुधारल्याचे कामगारांनी सांगितले. परंतु वैद्यकीय मोजमापे, उपचारांचा खर्च व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. इलिनॉयमध्येही खर्चावर वा सवयींवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. कार्यक्रमाकडे वळले ते मुळातच निरोगी लोक, असे दिसून आले. लीगच्या वाचनालयापुढे जी अडचण होती, तीच ही होय.

या सर्व इतिहासातून कामगारकल्याणाच्या तीन कसोट्या निष्पन्न होतात. पहिली, योजना कामाच्या स्वरूपालाच हात घालते काय : तास, विश्रांती, पगार व सुरक्षितता यांत बदल घडविते काय, की थकलेल्या माणसालाच अधिक सुदृढ होण्याचा उपदेश करते. दुसरी, तिचा खर्च व कारभार कोणाकडे आहे. त्यात कामगाराचा शब्द चालतो काय. तिसरी, तिची हद्द कोठे संपते. आणि त्या हद्दीबाहेर कोण उरतो. पहिल्या कसोटीचे उत्तर १८८४ च्या अर्जातच होते. दुसरीचे उत्तर जोशी यांच्या पिढीने संघटनेतून व कायद्यातून शोधले. तिसऱ्या कसोटीवर मात्र उरण-पेणच्या उन्हात मीठ ओढणारा मजूर दीर्घकाळ बाहेरच राहिला. आणि कोणत्याही नव्या योजनेचे मोल ठरविताना तिची हद्द त्याच्यापर्यंत पोहोचते काय, हे प्रथम तपासले पाहिजे.