काळजाची वाट आणि अणूची गाय

दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला सवत्स धेनूपुढे लागतो. अणुवैद्यकाच्या प्रयोगशाळेतही एक ‘गाय’ असते आणि ती रोज दोहली जाते, असे सांगितले तर वाचकांना थट्टा वाटेल. परंतु काळजाला रक्त पुरते की नाही, हे पाहण्याच्या विद्येचा इतिहास या गाईवाचून पुरा होत नाही.

रक्त देहभर फिरते, हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये दाखवून दिले. पण जिवंत माणसात ते किती वेगाने फिरते, हे मोजावे कसे? अकोल्याच्या जुन्या शहरात ही युक्ती फोड करून सांगावी लागणार नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी निघतात. कावड केव्हा निघाली आणि राजराजेश्वराच्या दारी केव्हा पोहोचली, यावरून वाट मोकळी होती की अडलेली, ते कळते. बोस्टनच्या हर्मन ब्लूमगार्टने १९२५ च्या सुमारास हेच केले. एका हाताच्या शिरेत किरणोत्सर्गी द्रव्य टोचले आणि ते दुसऱ्या हातात केव्हा उतरते, ते यंत्राने टिपले.

हृदयाची गोष्ट मात्र याहून अवघड. साऱ्या देहाला रक्त पुरविणारा हा अवयव स्वतःच्या पोषणासाठी दोन बारीक धमन्यांवर आणि त्यांच्या शाखांवर विसंबून! एखादी अरुंद झाली, तरी बसल्या जागी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जिना चढताना कळ येते, आणि आपल्या वऱ्हाडात ‘पित्त असन’ म्हणून ओवा चघळला जातो. म्हणून १९७३ मध्ये अमेरिकेत झारेट, स्ट्रॉस प्रभृतींनी हृदयाला श्रम देऊन मग चित्र घेतले. जिवंत हृदयस्नायू पोटॅशियम ओढून घेतो. त्यांनी किरणोत्सर्गी पोटॅशियमच टोचले. पाठोपाठ त्याच गुणाचे थॅलियम आले. श्रमाचे व विश्रांतीचे अशी दोन चित्रे शेजारी ठेवायची. श्रमात दिसलेली उणीव विश्रांतीत भरून निघाली, तर वाट अरुंद पण स्नायू जिवंत. दोन्हींत राहिली, तर तेथे बहुधा मृत स्नायूचा व्रण. केवढे हे अंतर!

आता ती गाय. पुढे थॅलियमची जागा बहुतांशी टेक्नेशियमने घेतली, पण ते सहा तासांत निम्मे होते. दूर गावी पोहोचणार कसे? अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने १९५० नंतरच्या दशकातच तोड काढली होती. सहासष्ट तासांत निम्मे होणारे मॉलिब्डेनम नळीत भरून पाठवावे. त्यातून टेक्नेशियम सतत निपजते. मिठाचे पाणी सोडावे आणि ते काढून घ्यावे. हेच दोहन! आठवडाभरात गाय आटते, मग नवी आणावी लागते.

महाराष्ट्राला या विद्येचे वावडे नव्हते. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली आणि १९६३ मध्ये परळला अणुवैद्यकाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. पण गाईला गोठा लागतोच. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडली, तेव्हा जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली आणि कित्येक रुग्णांच्या तपासण्या लांबल्या.

एवढे मात्र ध्यानी असावे: ही तपासणी सवडीची आहे. कळ थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर चित्राची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तावाचून पडलेल्या स्नायूला फार तर काही तासांचीच सवड असते, आणि ती ओवा चघळण्यात घालविण्याजोगी नव्हे.