वापरकर्त्याचा अभ्यास आणि संगणक-प्रणालींची टप्प्याटप्प्याने बांधणी : वारणा ते ई-पीक पाहणी

प्रस्तावना :
संगणक-प्रणाली कोण मागवितो आणि ती प्रत्यक्षात कोण वापरतो, या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा भिन्न असतात. ग्रामीण महाराष्ट्रात हे अंतर विशेष ठळकपणे जाणवते. येथे प्रणाली मागविणारी संस्था शासन किंवा सहकारी कारखाना असते. वापरणारा मात्र शेतकरी असतो. नांदेड व लातूर परिसरातील संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांना 'ॲजाइल' पद्धतीचा परिचय आहेच. या पद्धतीत वापरकर्त्याच्या अभ्यासाला कोणते स्थान असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

ग्राहक आणि वापरकर्ता :
फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे 17 तज्ज्ञांनी ॲजाइल जाहीरनामा तयार केला. प्रारंभीच सर्व गरजा लिहून घेऊन अखेरीस एकदाच प्रणाली हाती देण्याऐवजी, ती लहान लहान टप्प्यांत तयार करावी आणि प्रत्येक टप्प्यावर बदल स्वीकारावेत, असा त्याचा आशय होता. जाहीरनाम्याच्या चार मूल्यांत 'ग्राहका'शी सहकार्याचा उल्लेख आहे. 'वापरकर्ता' हा शब्द तेथे नाही. ग्राहक म्हणजेच वापरकर्ता, असे गृहीत धरल्यास पुढील अडचण निर्माण होते : टप्पे कितीही लहान केले, तरी दर वेळी मत विचारले जाते ते प्रणाली मागविणाऱ्याचेच.

ही उणीव लवकरच लक्षात आली. टोरांटो येथील एलियस (पुढे ऑटोडेस्क) या कंपनीतील अनुभवाच्या आधारे डेझिरी साय यांनी 2007 मध्ये एक व्यवहार्य मार्ग मांडला. प्रोग्रामर एका टप्प्याचे काम करीत असताना आराखडाकारांनी पुढील टप्प्यासाठी वापरकर्त्यांचा अभ्यास करावा आणि मागील टप्प्यात तयार झालेला भाग त्यांच्याकडून तपासून घ्यावा, अशी ही समांतर रचना होती. अभ्यास बांधणीच्या एक पाऊल पुढे राहिल्याने कामाचा वेगही मंदावत नाही.

वारणानगरचा अनुभव :
याच काळात महाराष्ट्रातही एक महत्त्वाचा प्रयोग झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे 1998 मध्ये केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उभारून शेतकऱ्यांना बाजारभाव, शेतीविषयक माहिती व इंटरनेट उपलब्ध करून द्यावे, ही कल्पना होती. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी या केंद्रांच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास केला. केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने उसाचे वजन, खताची उचल, देयके अशा कारखान्याशी निगडित नोंदींसाठी होत असल्याचे त्यांना आढळले. एवढ्या कामासाठी संगणकाची देखभाल व विजेची अडचण सोसण्याचे कारण नव्हते.

या निरीक्षणातून 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग आकारास आला. 7 गावांत 8 महिने मोबाइलच्या लघुसंदेशांद्वारे तीच कामे करून पाहण्यात आली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांच्या शोधनिबंधानुसार नवी व्यवस्था अधिक स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी ठरली. हा अभ्यास 1998 मध्येच झाला असता, तर आराखडा निराळा झाला असता काय, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. तथापि 1998 मध्ये खेड्यांत मोबाइल पोहोचलेला नव्हता. म्हणून वापरकर्त्याचा अभ्यास प्रारंभी एकदाच करून भागत नाही. तो वेळोवेळी करावा लागतो, हाच बोध येथे अधिक मोलाचा आहे.

ई-पीक पाहणी आणि मराठवाडा :
सातबाऱ्यातील गाव नमुना 12 मध्ये पिकांची नोंद होते. पूर्वी ही नोंद तलाठी करीत असत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंद करण्याची व्यवस्था सुरू झाली. पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर 1 ऑगस्ट 2022 रोजी सुधारित आवृत्ती आली. तीत 48 तासांच्या आत स्वतःची नोंद दुरुस्त करण्याची मुभा, मुख्य पिकासोबत 3 दुय्यम पिके नोंदविण्याची सोय, तसेच शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून केवळ 10 टक्के नोंदींची तलाठ्यामार्फत पडताळणी, असे बदल होते. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यास दुय्यम पिकाच्या रकान्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

नोंद राहून गेल्यास काय होते, हे 2024 मध्ये दिसून आले. खरीप 2023 मधील सोयाबीन व कापूस उत्पादकांना 2 हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी 5,000 रुपये अर्थसाहाय्य देताना प्रथम ई-पीक पाहणीतील नोंदीची अट होती. शेतात पीक असूनही ॲपवर नोंद नसलेले शेतकरी त्यामुळे वंचित राहू लागले. अखेर सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही सामावून घेण्यात आले. मोबाइल नसणे, शिवारात नेटवर्क नसणे, वार्धक्य यांसारख्या अडचणी ॲपच्या पडद्यावर दिसत नाहीत; कारण ज्याला ॲप उघडताच आले नाही, त्याची तक्रारही ॲपमधून येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी बांधावर जाणे हाच मार्ग उरतो.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, टप्प्यांची संख्या वाढविल्याने वापरकर्त्याचा आवाज आपोआप ऐकू येत नाही; त्यासाठी स्वतंत्र अभ्यासाची तरतूद करावी लागते. दुसरे असे की, दोन आठवड्यांचा टप्पा कंपनीच्या सोयीचा असला, तरी शेतकऱ्याचा टप्पा हंगामाचा असतो. खरिपात केलेल्या निरीक्षणांचा उपयोग रब्बीच्या आवृत्तीसाठी, आणि रब्बीतील निरीक्षणांचा पुढील खरिपासाठी, अशी सांगड घालता येईल. खरिपाची पाहणी आपल्या पहिल्या सत्रातच येते. संगणकशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात असे क्षेत्रीय अभ्यास समाविष्ट केल्यास, प्रणालीचे वापरकर्ते ज्यांच्या दारातच आहेत अशा मराठवाड्यातील महाविद्यालयांना या क्षेत्रात स्वतःचे योगदान देता येईल.