बोलक्या बाहुल्याचे भय : ‘झपाटलेला’ आणि उपनगरातला प्रेक्षक

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चा विचार करताना त्याच्या प्रदर्शनाचा महिना ध्यानात घ्यावा लागतो. तो महिना एप्रिल १९९३. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली होऊन गेल्या होत्या. अंधेरीला लागून असलेल्या जोगेश्वरीत राधाबाई चाळीत माणसे जिवंत जळाली होती. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला, आणि जुहूचे व विमानतळाजवळचे हॉटेलही त्यातून सुटले नव्हते. लोकलने परतणाऱ्या माणसाची दाराशी वाट पाहणे हा बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरचा नित्यक्रम झाला होता. अशा वेळी भुताचा एक विनोदी चित्रपट आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. चित्रपटाची जुळणी अर्थातच त्याआधीची. त्यात दंगलीचे रूपक शोधणे हा अट्टाहास ठरेल. पण प्रेक्षक आपल्या काळाचे ओझे घेऊनच थिएटरात बसतो, हेही विसरता येत नाही.

‘झपाटलेला’ हा ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकी चित्रपटावर बेतलेला आहे, असे सांगून अनेक समीक्षक मोकळे होतात. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुन्हेगार मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि ज्याला आपले गुपित प्रथम सांगितले त्याच्याच देहात त्याला परकायाप्रवेश करायचा असतो, हा सांगाडा तिथलाच. परंतु मूळ कथेत बाहुल्याचे सावज एक लहान मुलगा आहे. मराठीत त्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आला : श्रीरंगपुरात आईसोबत राहणारा, भित्रा, निरुपद्रवी, वयाने वाढलेला माणूस. मुलाच्या बोलण्यावर मोठ्यांनी विश्वास न ठेवणे स्वाभाविक असते. जाणत्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही तेव्हा हसू येते, आणि त्या हसण्याला एक कडवट चवही असते.

खरी करामत पुढेच आहे. लक्ष्याचे आडनाव बोलके, आणि तो शब्दभ्रमकार! बाहुल्याला बोलते करणे हीच ज्याची कला, त्याने ‘हा बाहुला स्वतःहून बोलतो’ असा आक्रोश केला तर गाव काय म्हणणार? ज्या गुणाने त्याला टाळ्या मिळाव्यात तोच त्याच्या साक्षीवर पाणी ओततो. मूळ चित्रपटात हा पेच नाही. मला तरी मराठी रूपांतराचे मोठेपण येथे दिसते. इन्स्पेक्टरच्या हाणामाऱ्या आणि हवालदारांचे पाचकळ विनोद त्यापुढे दुय्यम आहेत. (ते वगळले असते तर चित्रपट अधिक बांधेसूद झाला असता, पण मग तो कोठाऱ्यांचा राहिला नसता.)

पडद्यामागे तर याहून मौजेचा व्यवहार झाला. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि चालवला. पाध्ये म्हणजे अर्धवटरावांचा वारसा. वडील यशवंत केशव पाध्ये यांच्यापासून चालत आलेली ही कला. स्वतःच्या ओठांआडून आवाज देण्यात आयुष्य घालवलेल्या या कलावंताने येथे फक्त हात दिले. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. दूरदर्शनच्या चिमणरावामुळे घराघरांत लाडका झालेला आणि १९९१ च्या ‘चौकट राजा’त नंदूचे निरागसपण साकारणारा हा नट दोनच वर्षांत खुनशी, खरखरीत स्वरात धमकावू लागला. परिचिताच्या आवाजातून परका बोलणे, यालाच आपल्याकडे झपाटणे म्हणतात.

मराठी भूत मुळात वाटाघाटींना तयार असते. मुंजा पिंपळावर असतो, देवचार गावाची राखण करतो, वेताळाला नैवेद्य पोचतो. गाऱ्हाणे घातले की बहुधा मिटते. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये तर अशोक सराफ यांचे भूत मास्तर प्रभावळकरांचे दोस्तच होते. तात्या विंचूला मात्र गाव नाही, झाड नाही, नैवेद्य नाही. तो महानगरातला गुन्हेगार. त्याचा साथीदार कुबड्या खवीस, म्हणजे लोककथेतला खवीस आता टोळीतले टोपणनाव झालेला. कोकणातून गिरणगावात आणि १९८२ च्या संपानंतर हळूहळू उपनगरांत सरकलेल्या कुटुंबांना हे रूपांतर समजावून सांगावे लागले नाही. भीतीचे मूळ गावच्या वेशीवरून केव्हाच हलले होते. त्या वर्षी शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने पाहिले. पडद्यावर मात्र संशयाला एक नाव होते, दीड-दोन फुटांची उंची होती, आणि दोन भुवयांच्या मध्ये नेम धरला तर अंतही होता. त्याच्या मंत्राचे अर्थहीन नाद मुलांनी खेळात घेतले आणि भय आणखी थोडे खाली उतरले.

पुढे दूरचित्रवाणीने या चित्रपटाला नव्या पिढ्या मिळवून दिल्या. ‘पछाडलेला’ (२००४) हे कोठाऱ्यांचे दुसरे भुताटकीचे नाटक रंजक आहे, पण त्यातले भूत वाड्यातले, जुन्या वळणाचे. त्याच वर्षी १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. जून २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला तेव्हा बाहुला पडद्याबाहेर झेपावत होता, बोलक्यांच्या पुढच्या पिढीमागे लागला होता. आवाज प्रभावळकरांचाच होता, हातही पाध्यांचे. समोर थरथरत किंचाळायला लक्ष्या तेवढा नव्हता.